वयाचा दाखला : गिरणगांवापासून ठाणें-बेलापूर पट्ट्यापर्यंत

सनदा, महजर, करीने, वतनपत्रें आणि खाजगी पत्रव्यवहार यांवर आपल्याकडील संग्राहकांची नजर प्रथम जाते, व तें स्वाभाविकहि आहे. परंतु दप्तराच्या तळाशीं, अथवा दप्तरांत स्थानच न मिळाल्यामुळें रद्दींत, एक असा कागद असतो कीं ज्याचें कायदेशीर आयुष्य पुढें पुढें अवघें बारा महिन्यांचें ठरलें, आणि ज्याच्या नांवाचा तो असे त्यास तो बहुधा वाचतांहि येत नसे. कारखान्यांत कामास लागूं इच्छिणाऱ्या मुलाच्या वयाचा व प्रकृतीचा दाखला तो हा. प्रस्तुत लेखांत आम्ही ह्या दाखल्याचा वृत्तान्त मुंबईच्या गिरण्यांपासून आरंभून खाडीपलीकडील ठाणें-बेलापूर पट्ट्यापर्यंत, म्हणजे आजच्या नव्या मुंबईपर्यंत, आणणार आहों. आमचें म्हणणें असें कीं, ह्या कागदावरील वय हें पुष्कळदां मुलाचें वय नसून त्या कागदाची ज्यास गरज होती त्याच्या सोयीचें वय असतें. असें असतांहि तो टाकाऊ नव्हे. बनावट सनदेपासूनहि जसा इतिहास निघतो, तसा तो ह्या दाखल्यांतूनहि निघतो. मात्र तो वाचण्याची रीत ठाऊक पाहिजे.

कोंवळ्या वयांत चाकरीस लागणें ही गोष्ट नवी नव्हे. नाना फडणीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. वडील जनार्दन बल्लाळ इ. स. १७५६ त वारले व फडणिशी नानांकडे आली, तेव्हां ते चौदा वर्षांचे होते. थोरले माधवराव इ. स. १७६१ त पेशवे झाले ते सोळाव्या वर्षीं. अशा घराण्यांतून जन्माची तिथि, नक्षत्र व घटका टिपून ठेवण्याची चाल असल्यामुळें वय कोणास विचारावें लागत नसे. आणि वस्त्रें देतांना पाहिला जाई तो वंश. वतनदार अज्ञान असला तरी वतन त्याच्या नांवें चाले व काम मुतालिक करी. कचेरींत कारकुनाचा मुलगा बिनपगारी उमेदवारी करी. सुताराचा, कुंभाराचा, मिठागरावरील आगऱ्याचा मुलगा बापाच्या हाताखालीं काम शिके. परवानगी लागे, नाहीं असें नाहीं. पण ती घरची असे. कामाच्या दाराशीं वय विचारण्याची पाळी वाफेच्या यंत्रानें आणली.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांची कापसाची गिरणी इ. स. १८५६ त चालू झाली. पुढें वीस वर्षांत गिरण्यांची संख्या वाढली आणि सूतखात्यांत बारीक बोटांच्या, चपळ व स्वस्त मजुरांची मागणीहि वाढली. भरलेल्या बॉबिना उतरवून रिकाम्या चढविण्याचें काम पोरांचें. त्या पोरांस 'डॉफर' म्हणत. इ. स. १८७५ त मुंबई सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं कायद्याची खटपट चालविली. तिकडे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनींहि हिंदुस्थानांतील गिरण्यांवर कायदा बसावा म्हणून विलायतेंत ओरड केली. त्यांच्या करुणेंत स्पर्धेचा अंश किती होता हें सांगण्यास फार संशोधन नको. पण हेतु मिश्र होता म्हणून झालेलें काम वाईट ठरत नाहीं.

इ. स. १८८१ चा कारखान्यांचा कायदा हा ह्या विषयांतला पहिला. ज्या कारखान्यांत यंत्रशक्ति वापरली जाई व शंभर किंवा अधिक माणसें कामावर असत, त्यांसच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलास त्यानें बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाचे नऊ तासपर्यंत काम देण्यास मोकळीक ठेवली. आठव्या वर्षीं मुंज करण्याची ज्यांची चाल, त्यांनीं ही गोष्ट मनांत आणून पाहावी : मुंजीच्या आधींच मूल नऊ तासांच्या कामास कायद्यानें पात्र झालें. इ. स. १८९१ त ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली, नऊ ते चौदा ह्या वयास 'मूल' म्हटलें, आणि तास सात झाले. इ. स. १९११ च्या कायद्यानें कापडाच्या कारखान्यांतील मुलांचे तास सहावर आणले. इ. स. १९२२ च्या दुरुस्तीनें बारा वर्षांखालील मुलास दार बंद झालें, आणि इ. स. १९३४ च्या कायद्यानें बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांस पांच तासांची मर्यादा घातली. सातावरून बारावर येण्यास एकेचाळीस वर्षें लागलीं.

संशोधकाच्या दृष्टीनें ह्यांपैकीं इ. स. १९११ हें साल सर्वांत महत्त्वाचें. सर्टिफाइंग सर्जन, म्हणजे दाखला देणारा डॉक्टर, त्यापूर्वींहि होता. परंतु ह्या कायद्यानें असें ठरविलें कीं, मूल नऊ वर्षांहून लहान नाहीं व कामास लायक आहे असा दाखला असल्यावांचून त्यास कारखान्यांत ठेवतां येणार नाहीं. आणि काम करीत असतांना मुलानें तो दाखला, किंवा त्याचा निर्देश करणारा बिल्ला, जवळ बाळगला पाहिजे. म्हणजे वय ही वस्तु आतां अंगावर बाळगण्याची झाली. नाणकशास्त्राचे अभ्यासक ज्या बारकाईनें होन व शिवराई पाहतात, त्याच्या शतांशानेंहि हे बिल्ले कोणी पाहिलेले नाहींत.

येथें एक गोष्ट नोंदणें अवश्य आहे. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि साडेपांच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढें गेला. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार वेळेवर आणि अपघात झाल्यास मदत, ह्या त्यांतील मागण्या. मुलांना गिरणीबाहेर ठेवा अशी मागणी त्यांत नाहीं. ह्यावरून कामगारांस मुलांची माया नव्हती असा अर्थ काढणें म्हणजे कागद वाचतां न येणें होय. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबाची चूल ज्या कमाईवर पेटे तींत पोराचाहि वांटा होता. अर्जांत जें नाहीं तें घरांत होतें.

आतां डॉक्टरापुढील अडचण पाहूं. मुंबई शहरांत इ. स. १८७७ पासून देवी काढणें सक्तीचें असल्यामुळें शहरांत जन्मलेल्या मुलाच्या वयास कांहीं तरी लेखी आधार मिळण्याचा संभव होता. परंतु गिरणींतील पुष्कळ पोरें कोंकणांतून व घाटावरून आलेलीं; जन्ममृत्यूच्या नोंदणीचा इ. स. १८८६ चा कायदा ऐच्छिक. पत्रिका करण्याची चाल थोड्या जातींत. आईस विचारावें तर ती वर्ष सांगे तें 'दुष्काळाच्या सालीं' किंवा 'पहिल्या प्लेगांत' अशा खुणेनें. ही गणना खोटी नव्हे. मुंबईंत प्लेग मांडवी भागांत सप्टेंबर १८९६ मध्यें उघडकीस आला हें आपणांस ठाऊक आहे, व त्या खुणेवरून साल काढणें शकावलीवरून साल काढण्याइतकेंच शास्त्रीय आहे. पण डॉक्टरापाशीं मुलांची रांग लागलेली; इतका वेळ कोणास? मग त्यापुढें एकच लेख उरे, तो मुलाचें शरीर. इंग्लंडांत इ. स. १८३३ च्या कायद्यानंतर हाच पेंच पडला होता, तेव्हां एडविन साँडर्स नांवाच्या दंतवैद्यानें इ. स. १८३७ त दांत हें वयाचें प्रमाण कसें होऊं शकतें ह्यावर पुस्तिका लिहिली. पक्क्या दाढांपैकीं पहिली सुमारें सहाव्या व दुसरी सुमारें बाराव्या वर्षीं उगवते, हा तिचा आधार. पण 'सुमारें' हा शब्द वैद्यकांत निभतो. कायद्यांत त्याचा आंकडा होतो. उपाशी घरांतील दहा वर्षांचें मूल आठांचें दिसे, आणि थोराड बांध्याचें आठांचें मूल दहांचें ठरे. दाखल्यावरील 'वय' ह्या रकान्याचा खरा अर्थ 'डॉक्टरास दिसलेलें वय' एवढाच घ्यावयाचा.

दुसरी सावधगिरी लबाडीविषयीं. इ. स. १९२६ च्या दुरुस्तीनें, एकाच दिवशीं आपलें मूल दोन गिरण्यांत कामास पाठविणाऱ्या आईबापांस अथवा पालकांस दंड ठेवला. कायदा उगीच कलम घालीत नाहीं. सहा तास एका गिरणींत भरून तेंच मूल दुसऱ्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणींत शिरत होतें, हें ह्या कलमावरून उघड होतें. पुढील कायद्यांत आणखी एक गुन्हा सांगितला आहे : दुसऱ्याचा दाखला आपला म्हणून वापरणें, किंवा आपला दाखला दुसऱ्यास वापरूं देणें. तेव्हां संग्राहकापुढें दोन दाखले आले तर मुलें दोन असें धरूं नये, आणि दाखला एक असला तर मूल एकच असेंहि धरूं नये. दोन नांवांचे दोन दाखले एकाच पोराचे असूं शकतात. एका नांवाच्या दाखल्यावर मोठा भाऊ उतरला कीं धाकटा चढलेला असूं शकतो. बनावट मोर्तबांचा छडा लावणाऱ्या आमच्या मित्रांस ही गुंतागुंत परकी वाटूं नये.

ह्याच काळांतील एक वेगळा दस्तऐवजहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे. हिंदुस्थानांतील मजुरीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशनचा अहवाल इ. स. १९३१ त निघाल्यावर, इ. स. १९३३ त मुलांची मजुरी गहाण टाकण्यास बंदी करणारा कायदा झाला. आगाऊ रक्कम घेऊन पंधरा वर्षांखालील मुलाचें काम सावकारास वा धन्यास लिहून देणारा करार त्यानें रद्दबातल ठरविला. बापास पन्नास रुपयेपर्यंत व धन्यास दोनशें रुपयेपर्यंत दंड ठेवला. कर्जरोखे पाहतांना शेत, घर, बैल यांच्या जोडीला मुलाचे हात लिहून दिलेले आढळले, तर तो कागद बाजूस काढावा.

इ. स. १९४८ चा कारखान्यांचा कायदा १ एप्रिल १९४९ पासून अंमलांत आला. त्यानें चौदा वर्षांखालील मुलास कारखान्याचें दार बंद केलें. चौदा-पंधराच्या मुलास साडेचार तास दिले. पंधरा ते अठरा ह्या वयास 'किशोर' हें वेगळें स्थान देऊन, प्रौढासारखें काम करण्यास लायक असल्याचा दाखला मागितला. दाखल्याची मुदत बारा महिने. तो व्यवस्थापकाच्या ताब्यांत राहावा, मुलाजवळ बिल्ला असावा, आणि डॉक्टराची फी कारखानदारानें द्यावी, ती मुलाकडून किंवा आईबापांकडून वसूल करूं नये, अशी तजवीज होती. ह्यांतील शेवटचें कलम आम्हांस विशेष वाटतें. पूर्वीं भार कोणावर पडे याची तें साक्ष देतें. दाखला व्यवस्थापकापाशीं राहत असल्यामुळें असे कागद कुटुंबांत न सांपडतां बंद पडलेल्या कारखान्यांच्या दप्तरांतच सांपडावयाचे, हेंहि त्यावरून कळतें.

नव्या मुंबईच्या भूमीवर कारखाने उभे राहूं लागले तेव्हां दाराशीं हा कायदा आधींच उभा होता, आणि येथेंच खाडीच्या दोन कांठांच्या इतिहासांत फरक पडतो. दिघें, ऐरोली, रबाळें, घणसोली, कोपरखैरणें, तुर्भें, नेरूळ, बेलापूर ह्या गांवांत तोंपर्यंत भातशेती, खाजण, मिठागरें व मासेमारी हीच उपजीविका. मुलें ह्या सर्व कामांत होतीं. कोणी वय विचारीत नव्हतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ इ. स. १९६२ त स्थापन झालें व ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें उद्योगवसाहत वाढली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको अस्तित्वांत आली व ठाणें, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या नगरासाठीं योजिली गेली. इ. स. १९७३ त वाशीस खाडीवर पूल झाला.

येथील मोठे कारखाने बहुतेक रासायनिक. कापसाच्या गिरणीस पोराची बारीक बोटें हवीं होतीं; रसायनाच्या टाकीस त्यांचा उपयोग नाहीं. म्हणून ह्या पट्ट्यांत शंभर वर्षांपूर्वींच्या गिरणगांवासारखी दाखला घेतलेल्या मुलांची रांग कारखान्याच्या फाटकाशीं लागली नाहीं. मुलें राबलीं तीं जेथें फाटकच नाहीं तेथें : पारसिक डोंगराच्या कुशींतील दगडखाणींभोंवतीं, चहाच्या टपरीवर, गॅरेजांत, व नव्या वसाहतींतील घरांत. इ. स. १९८६ च्या बालकामगार कायद्यानें कांहीं धंद्यांपुरती बंदी घातली. घरकाम व उपाहारगृहें तींत आलीं तीं १० ऑक्टोबर २००६ पासून. इ. स. २०१६ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलांस सर्वच धंद्यांतून, आणि चौदा ते अठरा वयाच्या किशोरांस खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोक्याच्या प्रक्रिया यांतून काढलें. मात्र शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यांत मदत करण्यास मोकळीक ठेवली. बापाच्या हाताखालीं काम शिकणारा मुलगा, ज्याचा उल्लेख आम्ही पेशवाईच्या संदर्भांत केला, तो असा एकविसाव्या शतकाच्या कायद्यांतहि आपली जागा राखून आहे. तसाच 'उमेदवार' हा शब्दहि टिकला. इ. स. १९६१ च्या कायद्याखालीं ह्या पट्ट्यांतील कारखान्यांत शिरणाऱ्या तरुणास सरकारी भाषेंत 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. त्यास किमान चौदा वर्षांची अट असून, तो अज्ञान असल्यास करारावर पालकाची सही लागते. धोक्याच्या धंद्यांत ही अट पुढें अठरा वर्षांची झाली.

फाटकाशीं पोरांची रांग नसली तरी येथील माणसास वयाचा कागद लागला, आणि तो गिरणगांवाच्या उलट कारणासाठीं. तेथें लहान मूल मोठें दाखवावें लागे. येथें जमीन गेलेल्या घरांतील मुलास नोकरी हवी होती, आणि नोकरीस जशी किमान तशी कमालहि वयोमर्यादा असते. जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या लढ्यांत १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई व दास्तान फाटा येथें गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखी पडले, हें सर्वश्रुत आहे. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याइतकाच अर्जाशीं लागणारा दुसरा कागद शाळा सोडल्याचा दाखला. शेत गेलें तेव्हां जो मुलगा नकळत्या वयाचा होता, त्याचें पुढील सर्व आयुष्य त्या दाखल्यांतील एका तारखेवर उभें राहिलें.

ती तारीख पुष्कळदां १ जून असते. महाराष्ट्रांतील एका पिढीचे जन्मदिवस ह्या दिवशीं इतके कसे, ह्यावर थट्टा सर्वांनीं ऐकली आहे. तिचें कारण मात्र साधनचिकित्सेचा सुंदर पाठ आहे. शाळा जूनमध्यें उघडे. आईबाप म्हणत, पोरास सहावें लागलें असेल. मास्तर चालू सालांतून सहा वजा करीत व शाळेच्या आरंभाचा दिवस मांडीत. म्हणजे नोंदवहींत ओळीमागून ओळ १ जून आढळली, तर ती तारीख जन्माची नसून मास्तरांच्या लेखणीची आहे, आणि सालहि अदमासाचें आहे. तरी हा अदमास पुढें शिलालेखासारखा पक्का होतो. सरकारी नोकरींत शिरल्यावर पांच वर्षांनंतर जन्मतारीख बदलण्याचा अर्ज महाराष्ट्राच्या सेवानियमांप्रमाणें विचारांत घेत नाहींत. इ. स. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमांत वय ठरविण्याचा क्रम दिला आहे : प्रथम शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर महापालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तर हाडांची वैद्यकीय परीक्षा. जन्माच्या वेळची नोंद दुसरी, व सहा वर्षांनंतरची ऐकीव नोंद पहिली! समकालीन साधन श्रेष्ठ, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम कायद्यानें येथें उलटा केला आहे. त्यास व्यवहाराचीं कारणें असतील. पण इतिहास लिहिणारानें तो क्रम उचलूं नये.

चौदा वर्षांखालील मुलासाठीं कामाचा परवाना आज मिळतो तो एकाच क्षेत्रांत. नाटक-चित्रपट-दूरदर्शनांत मुलास घ्यावयाचें तर निर्मात्यानें जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते. वाशी-बेलापुरास ती ठाण्याहून मिळावयाची. मुदत सहा महिने. दिवसाचे पांच तास, विश्रांतीवांचून तीनांहून अधिक नाहींत. आणि मुलाच्या कमाईचा किमान पांचवा हिस्सा त्याच्या नांवें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतठेव म्हणून ठेवावयाचा. इ. स. १८८१ च्या नऊ तासांशेजारीं हा कागद ठेवून पाहावा. तोहि मुदत संपतांच रद्दींत जाईल.

समकालीन साधन म्हणजे पोलीस पाटलाकडील जन्ममृत्यूची वही, म्हणजे गांव नमुना चौदा, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या बहुधा मोडींत. इ. स. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठीं त्या गांवोगांव उघडल्या गेल्या, पण सर्वांची दृष्टि जातीच्या रकान्यावर. शेजारचा तारखेचा रकाना तसाच राहिला. अशा वहींत बापाचें नांव, जात, मुलगा कीं मुलगी आणि दिवस एवढें मिळतें. मुलाचें नांव बहुधा नसतें, कारण तेव्हां बारसेंच झालेलें नसे. शाळेच्या जनरल रजिस्टरांत नांव मिळतें, पण दिवस १ जून. बेलापूर पट्ट्यांतील एखाद्या गांवाचीं हीं दोन्ही पुस्तकें समोरासमोर ठेवून, बापाच्या नांवावरून मुलें जुळवून, खरें वय व लिहिलेलें वय यांतील अंतर काढण्याचें काम करण्याजोगें आहे. एकाच बापाचीं दोन-तीन मुलें असतील तेथें शाळाप्रवेशाच्या क्रमावरून निवाडा करावा. हयात माणसांचीं नांवें मात्र छापूं नयेत.

ज्यांच्या संग्रहांत गिरणीचे बिल्ले असतील त्यांनीं धातु, आकार, भोंक कोठें पाडलें आहे तें, व दोन्ही बाजूंचा मजकूर उतरून घ्यावा. आंकडा झिजलेला असला तरी दिसेल तेवढा द्यावा, कारण दाखल्याशीं बिल्ल्याची सांगड त्या आंकड्यानेंच बसते.